गिरडच्या वळणावरचा सलाम

हेमराजनं पुण्याहून रेसवाली मोटार आणली. घसरली का आपोआपच ब्रेक मारून सरळ होये. त्याले हे बोट धरून चालवल्यासारखं वाटे. गिरडच्या रस्त्यानं मायले दर्ग्यावर नेतानी त्यानं ते यंत्र बंद कराले बटण दाबलं. टिचकीनं भागत नाई, पुरतं बंद व्हाले दाबूनच धरा लागते. तेवढ्यात टेकडीवरचा दर्गा दिसला. "लेका, बाबाले सलाम कर!" मायनं चापट मारली. त्यानं बोट उचलून कपाळाले लावलं अन् बंद झालं समजून वळणावर गाडी हाणली. गिट्टीवर मागची चाकं घसरली, समोर विहीर आली. पण गाडीनंच ब्रेक मारले अन् काठाशी थांबली. बोट लवकर उचललं, म्हणून यंत्र चालूच होतं. "थांबला शहाण्यासारखा! बाबासमोर थांबाच लागते," डोळे मिटूनच माय म्हणाली. हेमराजनं चावी काढली. "हो माय. चाल, वरती पायीच जाऊ."