आकडा वाचायला

भिंतीपलीकडून हाक आली आणि बाटल्या धुता धुता ओल्द्रिखचा हात थांबला.

"व्लास्तावहिनी, येता का जरा? आकडा काही दिसत नाही हो मला!"

सलग नववा दिवस. त्याच्या बायकोने, व्लास्ताने, बटाट्याच्या गोळ्यांसाठी मळलेलं पीठ झाकून ठेवलं, हात पुसले आणि दारातल्या आरशासमोरून जाताना केसांवरून हात फिरवला. आपल्या तळघरात येताना ती या आरशाकडे ढुंकूनही बघत नाही, हे ओल्द्रिखने बरोबर टिपलं.

शेजारच्या विलेमची बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. यंदा तो पेन्शनीत निघाला आणि घरीच बिअर करायला लागला. त्यात काही नवल नव्हतं, गावातली निम्मी घरं करतात. ओल्द्रिखनेच त्याला सगळं शिकवलं होतं. बिअर मुरत जाते तशी तिची गोडी उतरते. ती मोजायला काचेची मापनळी उंच पेल्यात सोडायची, ती डुलायची थांबली की बिअरच्या पातळीला आलेली रेघ वाचायची. तीन दिवस तोच आकडा आला की बाटल्या भरायच्या. घाई केली तर बाटल्या फुटतात. विलेमचा आकडा मात्र ठरायलाच तयार नव्हता.

मापनळीवरच्या रेघा असतात केसाएवढ्या. ओल्द्रिखच्या तळघरातल्या रेघा सव्वीस वर्षं व्लास्ताच वाचत आली होती. "मला नाही बाबा दिसत," असं तो म्हणायचा. मग ती त्याच्याशेजारी वाकायची, डोळे पातळीला आणायची, तिचा गाल त्याच्या खांद्याला लागायचा. आकडा सांगून झाल्यावरही ती थोडा वेळ तिथेच रेंगाळायची.

ओल्द्रिखला सगळं स्वच्छ दिसायचं. पहिल्या वर्षापासून दिसायचं.

म्हणून तर विलेमच्या हाकेने त्याच्या अंगाची लाही व्हायची. युक्ती त्याची होती, पण ती चोरीला गेली म्हणून तक्रार कुणाकडे करणार? गुरुवारी बंधाऱ्यावर त्याने विलेमला पाहिलं होतं. डासाएवढा गळ दोऱ्याला बांधत होता पठ्ठ्या, आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता.

ओल्द्रिखने हातातली बाटली उपडी ठेवली आणि तसाच ओल्या हातांनी शेजारी गेला. विलेमच्या तळघराचं दार उघडंच होतं.

पेला टेबलावर होता. त्याच्या एका बाजूला व्लास्ता वाकली होती, दुसऱ्या बाजूला विलेम. मधे फक्त ती पिवळी बिअर.

"साडेतीन," व्लास्ता म्हणाली. "काल चार होते ना?"

"बघा ना, वहिनी. म्हणजे उद्या परत तसदी द्यावी लागणार तुम्हाला." विलेमच्या आवाजात दुःखाचा लवलेशही नव्हता.

दारातून ओल्द्रिखला मापनळी दिसली. तिच्या अंगाला बारीक बुडबुडे चिकटले होते. ते तिला वर उचलून धरत होते, कधी कमी, कधी जास्त. नळी सोडताना बोटांनी गिरकी द्यायची, म्हणजे बुडबुडे झडतात. हे ओल्द्रिखने विलेमला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एकदा नव्हे, दोनदा. नऊ दिवस या माणसाने गिरकी दिली नव्हती!

"साडेतीन कसले डोंबलाचे!" तो ओरडला. "तीन पूर्णांक सहा दाखवतेय ती! आणि तेही खोटं, बुडबुड्यांनी उचललंय तिला. गिरकी दे, व्लास्ता. तिनावर येईल."

व्लास्ताने नळीला गिरकी दिली. बुडबुडे सुटून वर गेले. नळी खाली गेली, डुलली, थांबली.

"तीन," ती म्हणाली. पण ती आता नळीकडे बघत नव्हती. दार आणि टेबल यांच्यामध्ये चांगली सहा पावलं होती. "तिथून दिसलं तुला?"

विलेमने फडकं घेतलं आणि एक कोरडा पेला पुसायला लागला.

दोघं घरी परतली. ओल्द्रिख तळघरात उतरला. त्याच्याही बिअरचा आकडा घ्यायचा होता. त्याने पेला भरला, नळी सोडली, गिरकी दिली आणि सवयीने तोंड उघडलं. "व्लास्ता, जरा..."

ती शेवटच्या पायरीवर उभी होती. खाली उतरली नाही.

"वाच की," ती म्हणाली.

त्याने वाचलं. "तीन पूर्णांक दोन."

"कालचाच आकडा. लिही."

खिळ्याला वही होती, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती. सव्वीस वर्षांचे आकडे तिच्या अक्षरात होते. त्यांच्याखाली त्याने आपला आकडा लिहिला, आणि मग मात्र त्याला राहवेना.

"त्या विलेमलाही दिसतं! चष्मा न लावता गळ बांधतो, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बनवतोय तो तुला!"

व्लास्ता वळून पायऱ्या चढायला लागली होती. ती थांबली.

"त्याचं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, ओल्दा," ती म्हणाली. "तुझं आज कळलं."