पूर्ण अधिकार

काल सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बॅकअपच्या खात्यानं इन्शिराह मॅडमची पत्रं उघडून वाचली होती.

शाहिनाझनं पडद्यावरची नोंद पुन्हा पाहिली. बॅकअप पहाटे चालतो. ऑफिसातल्या एकशे साठ जणांच्या मेलची सरसकट नक्कल काढतो आणि गप्प बसतो. कुणाचं काय चाललंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. इथे मात्र एकाच बाईची टपालपेटी उघडली होती, आणि तिच्यातलीही नेमकी चार पत्रं. एकेक करून, सावकाश. यंत्र असं चवीनं वाचत नाही. हे माणसाचं काम होतं.

ती चार पत्रं कुणाची, हे बघायचीही गरज नव्हती. अलेक्झांड्रिया बंदरातल्या त्या जहाज कंपनीत मॅनेजर बंद दाराआड काय करतो, ते ऑफिसातल्या चार मुलींनी नावानिशी लिहून, बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या इन्शिराह मॅडमना पाठवलं होतं. गुरुवारी ते सगळं मालकांपुढे जायचं होतं. कागद कुणाच्याही हाती लागतो, मेलवरच पाठवा, असं शाहिनाझनं त्या मुलींना छातीठोकपणे सांगितलं होतं. मेलचा सर्व्हर तीच सांभाळायची. आणि आज सकाळीच मॅनेजरनं इन्शिराह मॅडमना वर बोलावलं होतं.

बॅकअपचं काम वजदीकडे. आठ वर्षं शेजारच्या टेबलावर बसणारा. आत्ताही तो ईदची उरलेली बिस्किटं खात बसला होता.

"वजदी, बॅकअपच्या खात्याचा पासवर्ड आणखी कुणाकडे आहे?"

"माझ्याशिवाय कुणाकडे असणार, इंजिनियरबाई? घे, आईनं केलीत. आत पिस्ते आहेत."

"मग काल इन्शिराह मॅडमची पत्रं कुणी उघडली?"

वजदी चावायचा थांबला. तेवढ्यावरूनच तिला कळायचं ते कळलं.

खात्याला जादा अधिकार द्यायचा तर लेखी अर्ज हवा, ही तिची रीत. सख्ख्या भावालाही तिनं त्यातून सोडलं नसतं. पण वजदीनं अधिकार मागितला तो रमजानचा दिवस होता, रोजा सुटायला वीस मिनिटं उरलेली, खाली घरी पळणाऱ्या गाड्यांची झुंबड. आणि वजदी काकुळतीला आला होता. "नुसत्या नकलेच्या परवानगीनं बॅकअप अडतोय गं. पूर्ण अधिकार देऊन टाक, ईद झाली की काढ. आई एकटीच ताट मांडून बसलीय. रोजा आहे माझा, उपाशी तोंडानं खोटं बोलेन का?" त्यावर अर्ज कसला मागायचा? तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. तिनं चार बटणं दाबली, कुणाचीही पत्रं उघडता येतील असा पूर्ण अधिकार त्या खात्याला दिला, वाटेत तोंडात टाकायला त्याच्या हातावर दोन खजूर ठेवले आणि त्याला घरी पिटाळलं. ईद झाली, पण तो अधिकार काढायचा राहूनच गेला.

"नुसत्या नकलेच्या परवानगीनं चालत होतं ना रे?"

त्यानं बिस्किटांचा डबा मिटला.

"वजदी, तुला विचारतेय."

"चालत होतं," तो म्हणाला. "वरून सांगितलं होतं मला. मी काय करायचं होतं? नोकरी मलाही टिकवायचीय."

"रोज्याची शपथ घेतलीस."

"आणि अधिकार तू दिलास. मी काही तुझा हात धरला नव्हता."

चोरानं कुलूप फोडलं असतं तर शाहिनाझला इतकं लागलं नसतं. याला तिनं आपल्या हातानं दार उघडून दिलं होतं, वर उपाशी आहे म्हणून त्याची कीवही केली होती. तिनं खात्याचा अधिकार काढून टाकला.

"काढ की, खुशाल काढ," वजदी हात झटकत म्हणाला. "वाचून झालंय."

तेवढ्यात इन्शिराह मॅडम जिना उतरून आल्या. पन्नाशीची धिप्पाड बाई, पण भिंतीला धरून चालत होती.

"चारही पत्रं छापून टेबलावर मांडलीत त्यानं," त्या म्हणाल्या. "एकेक मला मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंय." मग त्या शाहिनाझसमोर येऊन उभ्या राहिल्या. "आमची पत्रं कोण उघडू शकतं गं?"

"मॅडम, बॅकअपच्या खात्यावरून कुणीतरी..."

"खातं म्हणजे कोण? माणसाचं नाव सांग."

"वजदी. वजदीनं उघडली."

वजदी खाली मान घालून उभा होता. इन्शिराह मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग चष्मा लावून पडद्यावर वाकल्या. नोंदीत वजदीचं नाव कुठेच नव्हतं. तिथे नुसतं खातं होतं. पूर्ण अधिकार कुणी दिला, त्या रकान्यात मात्र एक नाव स्वच्छ दिसत होतं. त्यांनी ते बोट ठेवून वाचलं.

"शाहिनाझ."

"मॅडम, माझं ऐका तरी..."

वजदीनं आपली खुर्ची पुढे सरकवली.

"बसा मॅडम. आधी पाणी घ्या," तो हळुवारपणे म्हणाला.

इन्शिराह मॅडम शाहिनाझकडे पाठ करून बसल्या, आणि त्याच्या हातचं पाणी प्यायल्या.