खुंटीवरची नळी

मुंबईच्या हॉटेलात बारा वर्षं काढून भरत आपल्या गावी, कापड्याला परतला, तेव्हा घरच्या घरी बिअर करायची कला तेवढी सोबत आली. मोड आणलेली नाचणी वाळवून भरडायची, उकळायची, निवली की यीस्ट घालून काचेच्या बरणीत आंबायला ठेवायची. बरणीतली हवा एका नळीतून शेजारच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडत बाहेर पडे.

या खेपेला जुनी नळी चिरली. नवीसाठी महाडला कोण जाणार, म्हणून त्याने खुंटीवरची उतरवली. वर्षापूर्वी गेलेल्या वडिलांना, गोमाजींना, घरी ऑक्सिजन लावला होता, त्याची ती.

“ती नको रे घेऊ,” त्याची आई चंद्रभागा म्हणाली. “दुसरी नाय का?”

“धुतलेली हाय गो आई.”

आठ दिवसांत बुडबुडे थांबायला हवे होते. बारा झाले तरी थांबेनात. तीन भरभर, मग लांब खंड, मग एक मोठा. ऐकता ऐकता त्या खंडात भरतचाही श्वास अडके.

तेराव्या दिवशी भरदुपारी त्याने नळी बरणीतून उपसून काढली. मोकळं टोक हातात आलं. बाटलीतलं पाणी तरीही बुडबुडत होतं.

त्याने टोकावर अंगठा दाबला. पाणी शांत झालं. अंगठ्याची कातडी हळूहळू आत ओढली जाऊ लागली.

पडवीत पाठमोरी बसून तांदूळ पाखडणाऱ्या चंद्रभागेचं सूप थांबलं.

“अंगठा काढ रे, भरत,” ती वळून न बघता म्हणाली. “जीव घुसमटतोय त्यांचा.”