अफोरसेड

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण एका इंग्रजी शब्दावर मी पन्नास वर्षं संसार रेटला," कोर्टातून निवृत्त झालेले टायपिस्ट आजोबा नातीला सांगत होते. पलीकडे आजी मटार सोलत होती. त्यांच्या थापा तिला पाठ होत्या.

"अफोरसेड, म्हणजे वर सांगितलेली व्यक्ती. कागदात नाव एकदा पूर्ण लिहायचं, की पुढे नुसतं अफोरसेड लिहून भागतं."

"म्हणून तुम्ही आजीला नुसतं 'अगं, ऐकलंस का' म्हणता?"

"तर! लग्नाच्या दिवशी तिचं नाव खणखणीत घेतलं, अख्खा हॉल वळून बघायला लागला. मग पुन्हा कशाला?"

आजीचा हात थांबला.

"थापा नका मारू," ती हळूच म्हणाली. "ते एकदा घ्यायचं अजून राहिलंय."