आजींच्या टाचेतली भेग

पायांची निगा राखणाऱ्या बाई चक्रावून गेल्या होत्या. चालत्या माणसाच्याच तळव्यांना घट्टे पडतात, हे त्यांना काय कुणी शिकवायला हवं? पण या आजी अकरा वर्षं पलंगावरून उठल्या नव्हत्या, आणि दर मंगळवारी बाईंना त्यांचे नवे घट्टे घासावे लागत.

"वहिनी, आजी कधी चालतात का हो?"

"काहीतरीच काय! कूससुद्धा मीच बदलते त्यांची," म्हणत सून टॉवेल आणायला आत गेली.

बाईंनी पाय मांडीवर घेतला. आज टाचेला ताजी भेग होती आणि भेगेत काहीतरी चमकत होतं. त्यांनी चिमट्याने ते हळूच ओढून काढलं.

निळ्या काचेची कपची होती ती.

बाईंनी ती उजेडात धरून पाहिली. काल संध्याकाळी त्यांच्याच स्वयंपाकघरात निळी बरणी फुटली होती. लेकीच्या पायात जाऊ नये म्हणून त्यांनी एकेक तुकडा वेचला होता. एवढीच एक कपची काही केल्या सापडली नव्हती.

"दुखलं का, आजी?" त्यांनी कसंबसं विचारलं.

आजींनी छतावरची नजर खाली आणली.

"नाही गं. लेक तुझी झोपेत फार गोड हसते."