राणीचा आवाज

भंडाऱ्याजवळच्या वरठीची रुचिता मोबाइलवर गेम खेळताना घरच्याच बोलीत बडबडायची आणि हजारो लोक ते ऑनलाइन थेट बघायचे. ते ऐकून एका कंपनीने नव्या गेममधल्या राणीसाठी तिचा आवाज मागितला. “तुमचीच बोली हवी,” कंपनीवाले म्हणाले. तिने जीव ओतून राणीचे संवाद म्हटले. गेम आला त्या संध्याकाळी बाबाही ड्यूटीवरून येऊन शेजारी बसले. राणी मात्र पुणेरी मराठीत बोलली. रुचिताचा आवाज निघाला बाजारातल्या कोंबडीचोर बाईच्या तोंडून, राणीचाच संवाद: “मागं हटू नका गा!” खेळणारे तिला लाथा घालून हसत होते. “हा तुहाच आवाज ना? काहून मारून रायले तुले?” बाबांनी विचारलं. तिने कंपनीला फोन लावला. “मॅडम, तेच पात्र सगळ्यात हिट आहे!” पलीकडचा म्हणाला. रुचिताने डोळे पुसून कॅमेरा सुरू केला. “आज मी खेळून नाही रायली. माह्या आवाजाचं काय केलं, ऐका.”