गालिच्याचं पाणी

सुगनबाईनं गालिच्यावर पहिला पोहरा ओतला, तेव्हा मागचं दार तिनं आतून लावून घेतलं होतं.

गालिचा अंगणातल्या फरशीवर पसरलेला होता. आधी तिनं तो काठीनं झोडपला, मग डागावर गव्हाचा कोंडा चोळून झाडून काढला. पण कंदिलाच्या तेलाचा डाग होता तसाच राहिला, अगदी मधोमध. उद्या परतूरचे पाहुणे लेकीला पाहायला येणार होते आणि याच गालिच्यावर बसणार होते.

"पाण्याशिवाय निघायचा न्हाई तो," दुकानात जाता जाता नवरा, हुकमचंद, म्हणाला होता. "आडात आहे ना अजून? धुऊन टाक."

आडात होतं. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा. भोकरदनच्या विहिरी एकेक करून आटल्या होत्या, पण सुगनबाईच्या अंगणातल्या आडाच्या तळाशी अजून पाणी चकाकत होतं. आणि सकाळीच, मागच्या बौद्धवाड्यातली प्रभावती कळशी घेऊन दाराबाहेर उभी राहिली तेव्हा सुगनबाईनं तिला सांगितलं होतं, "न्हाई गं. तळ लागला आमच्या आडाला." प्रभावतीची सून बेबीनंदा नुकतीच बाळंत झाली होती.

"बरं भाभी," एवढंच म्हणून प्रभावती गेली होती.

सुगनबाईनं पोहरा पुन्हा सोडला. रहाट कुरकुरला, तसा तिनं दोर हळू ओढला. डागावर रिठ्याचा फेस घासताना तिचे कान दाराकडं होते. हा एवढा ओतला की झालं, असं ती दर पोहऱ्याला स्वतःला सांगत होती. पण फेस संपेना. जाड लोकर पाणी पीतच राहिली. गालिच्याचा रंग उतरून लाल झालेलं पाणी फरशीवरून मोरीत आणि मोरीतून भिंतीपलीकडं चाललं होतं. भिंतीपलीकडं ते कुठं जातं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

दारावर थाप पडली.

"भाभी, मी प्रभावती."

सुगनबाई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. दार उघडूच नये, असं तिला वाटलं. मग तिनं कडी काढली.

प्रभावतीच्या कळशीत तळाला लालसर पाणी होतं. तिनं अंगणात वाकून पाहिलं नाही.

"नाली वाहून राह्यली," ती म्हणाली. "वाटीनं भरून घेतलं थोडं. सारवायला होईल. आणखी सोडणार हायेत का? मंग बायांना सांगते, भांडी घेऊन येतील."

तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. सुगनबाईला तिच्याकडं पाहवेना.

"थांब," शेवटी ती म्हणाली. "चांगलं भरून देते."

तिनं घाईघाईनं पोहरा आडात सोडला. तो धप्पकन बसला. वर आला तेव्हा त्यात चिखल होता. तिनं तो उपडा केला, पुन्हा सोडला. पुन्हा चिखलच. प्रभावती उंबऱ्याबाहेरून पाहत होती.

"राहू द्या भाभी."

"न्हाई, थांब तू." सुगनबाई घरात गेली आणि पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली. उद्यासाठी गाळून ठेवलेलं, घरात तेवढंच पाणी उरलं होतं. "हे ने. सगळं ने."

प्रभावतीनं कळशीतलं लाल पाणी दारातल्या घमेल्यात ओतलं आणि कळशी पुढं धरली. सुगनबाई ओतू लागली. हंडा अर्धा झाला तशी प्रभावतीनं कळशी मागं घेतली.

"बास. बाळंतिणीला अन् लेकराला पुरतं एवढं."

"ने गं सगळं."

"उद्या पाव्हणे यायलेत ना तुमच्याकडं? त्यांना काय पाजाल? गालिचा कशापायी धुतेत, कळतं की मला." तिनं कळशी कमरेवर घेतली, घमेलं दुसऱ्या हातात धरलं. "घमेलं आणून देते मागून."

ती गेल्यावर सुगनबाई ओल्या फरशीवरच बसली. डाग निघाला होता.

संध्याकाळी हुकमचंदनं वाळलेल्या गालिच्यावरून हात फिरवला. "साफ झाला बराबर," तो म्हणाला. आडात चिखल उरल्याचं तिला त्याला सांगायचं होतं. तिच्यानं सांगवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. लेक येऊन बसली, विचारलं त्याची उत्तरं देऊन आत गेली. मुलाची आई, पानबाई, गालिच्याची लोकर बोटांनी चाचपत होती.

"नुकताच धुतलेला दिसतो," ती म्हणाली. "आमच्याकडं तोंड धुवायला पाणी न्हाई. तुमच्या घरी पाण्याला तोटा न्हाई म्हणायचा. सून आणावी तर अशाच भरल्या घरची."

हुकमचंद खुशीत हसला. "आमच्या आडाला बरकत आहे."

सुगनबाई पाण्याचे पेले देत होती. शेवटचा पेला पानबाईच्या हातात देऊन ती सरळ उभी राहिली.

"आडात चिखल आहे," ती म्हणाली. "होतं तेवढं पाणी मी कालच या गालिच्यावर ओतलं."

हुकमचंदनं तिच्याकडं पाहिलं. ती बोलत राहिली.

"तुमच्या हातातलं पाणी मागच्या बौद्धवाड्यातल्या प्रभावतीबाईंनी तुमच्यासाठी ठेवलं. घरी सून बाळंतीण असताना."

पानबाईच्या हातातला पेला ओठांपाशी थांबला. सुगनबाईनं पेला परत घ्यायला हात पुढं केला नाही. रिकामं ताट धरून ती तिथंच उभी राहिली.